टर्बो पेट्रोल, ६०,००० किमी: इंजिन क्लीनर घ्यावा की नको?

अर्धाटँक
मंडळी, सल्ला हवाय. गाडी टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन, ६०,००० किमीला आली आहे. सर्विसिंगची वेळ घ्यायला फोन केला तर ॲडव्हायझरने गाडी न बघताच तीन गोष्टी सुचवल्या: टाकीत ओतायचा फ्युएल सिस्टीम क्लीनर, जुनं ऑइल काढायच्या आधी त्यात ओतायचा इंजिन फ्लश, आणि हवेच्या वाटेतली काजळी काढायला 'इनटेक डीकार्ब' म्हणून एक फवारा. तिन्ही घेतले तर बिल दुपटीच्या वर जातं. "आत्ता केलं नाहीत तर पुढे इंजेक्टर बदलायची वेळ येईल" हेही ऐकवलं.

गाडीची तक्रार एवढीच की सकाळी पहिल्यांदा चालू केली की थोडा वेळ थरथरते, मग ठीक चालते. ॲव्हरेजही जरा उतरल्यासारखं वाटतंय. चेक इंजिन लाइट लागलेला नाही.

माझ्या अटी: खर्च एका बाटलीच्या वर नको. इंजिन उघडायचं नाही. वाढीव वॉरंटी चालू आहे, ती घालवायची नाही. मॅन्युअलमध्ये ऑइलमध्ये वेगळं काही मिसळू नका असं स्पष्ट लिहिलंय. पेट्रोलमधल्या क्लीनरबद्दल अवाक्षर नाही.

आजच्या गाड्यांत या बाटल्यांनी खरंच काही होतं का? होत असेल तर कोणती घेऊ?

जुनाकार्ब्युरेटर
काही घेऊ नका. माझ्या आधीच्या गाडीने तीन लाख किमी केले, आत बाहेरचा एक थेंब गेला नाही. ऑइल मुदतीच्या आधी बदलायचं, फिल्टर ओरिजिनल टाकायचा, संपला विषय. आमच्या वेळी कार्ब्युरेटर सोडवायचा, जेट फुंकून साफ करायचं, पुन्हा बसवायचा. आता बॉनेट उघडलं की प्लास्टिकचं झाकण दिसतं, त्यामुळे लोक बाटल्या शोधत बसतात.

वळणवाट
माझा अनुभव उलटा आहे. दर सर्विसिंगला टाकीत क्लीनर टाकतो आणि फरक त्याच दिवशी कळतो. पिकअप सुधारतो, आवाज कमी होतो. मी टेक्रॉन वापरतो, मित्र लिक्वी मोली. कुठलीही घ्या, डोळे झाकून घ्या. आणि खरं सांगू का, तिन्ही करून टाका. एवढी महागाची गाडी घेतली आणि बाटलीपाशी येऊन हात आखडता?

शंकेखोर
@वळणवाट, त्याच दिवशी ऑइल नवीन, एअर फिल्टर नवीन, टायरमध्ये हवा बरोबर भरलेली, वर गाडी धुऊनपुसून मिळालेली. श्रेय मात्र बाटलीला. एकदा बाकी काहीही न करता नुसती बाटली ओतून बघा आणि मग सांगा.

वळणवाट
बघितलंय. फरक पडतो. ज्यांनी वापरलं नाही त्यांनी उगाच बोलू नये.

तेलकट
बाटलीचं काय ते करा, पण फ्लशपासून लांब राहा. माझ्या मेव्हण्याने जुनी गाडी घेतली, आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं होतं देव जाणे. गॅरेजवाल्याने उत्साहाने फ्लश टाकला, इंजिन चालू ठेवलं, ऑइल काढलं, नवीन भरलं. आठवड्याभरात हायवेवर ऑइल प्रेशरचा लाल दिवा. इंजिनाखालचं ऑइलचं भांडं उघडलं तर ऑइल पंपाच्या तोंडाची जाळी काळ्या गाळाने बुजलेली. फ्लशने वर चिकटलेला गाळ सुटा केला आणि तो सगळा खाली जाऊन जाळीत बसला. मेव्हण्याने वेळेत गाडी बंद केली म्हणून बेअरिंग वाचली. गॅरेजवाला म्हणतो, गाळ आधीचाच होता. आधीचाच होता, पण जागेवर होता ना!

पानाबारा
इथे तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होतेय, म्हणून जरा लांबण लावतो. मी फिटर आहे, बाटल्या विकत नाही.

पेट्रोलमधल्या क्लीनरमध्ये काम करतं ते डिटर्जंट. चांगल्या बाटलीत पॉलीइथर अमाइन असतं, त्याला पीईए म्हणतात. ज्वलनकक्षातली उष्णता ते सोसतं, त्यामुळे इंजेक्टरच्या टोकावरची आणि पिस्टनच्या माथ्यावरची काजळी सुटायला मदत होते. दुसरा प्रकार पॉलीआयसोब्यूटीन अमाइनचा. तो व्हॉल्व्ह बरे धुतो, पण ज्वलनकक्षात स्वतःचा थर सोडू शकतो. आणि काही बाटल्यांत जवळपास नुसतं रॉकेलसारखं द्रावण असतं, त्यात डिटर्जंट नावापुरतं. म्हणून पुढचं चित्र बघून घेऊ नका, आतले घटक सांगणारी सेफ्टी डेटा शीट वाचा.

आता तुमची गाडी. जुन्या पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर उडतं, त्यामुळे डिटर्जंट व्हॉल्व्ह धुतं. तुमच्याकडे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हच्या पाठीला शिवतही नाही. आणि नेमकी तिथेच क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागातून) परत येणारी तेलाची वाफ बसते, भाजते, थर धरते. टाकीत काहीही ओता, ते त्या थरापर्यंत पोचत नाही. अपवाद ज्या इंजिनांत दोन्हीकडे इंजेक्टर आहेत त्यांचा, टोयोटाचं डी-४एस वगैरे.

म्हणजे बाटली अगदीच निकामी नाही. डायरेक्ट इंजेक्शनचा इंजेक्टर आगीतच तोंड घालून बसलेला असतो, त्याच्या टोकावर टणक काजळी (कोक) जमते, फवारा वाकडा होतो किंवा बंद केल्यावर थेंब गळतो. तिथे पीईएचा उपयोग आहे. व्हॉल्व्हसाठी नाही.

अर्धाटँक
@पानाबारा, आभारी आहे. हे ॲडव्हायझरने सांगितलंच नाही. तो म्हणाला, "बाटलीने सगळं साफ होतं."

मृण्मयी_ड
वर कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते, तुमची गाडी डायरेक्ट इंजेक्शन असेल तर टाकीतला क्लीनर व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही. मी त्यापेक्षा सरळ जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरते. इंजिन स्वच्छ राहतं आणि गाडी मऊ चालते. वेगळी बाटली लागतच नाही.

पानाबारा
वर लिहिलंय, ताई. आणि ऑक्टेनचा स्वच्छतेशी थेट संबंध नाही. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली मिश्रण आपोआप पेटू न देण्याची ताकद. तुमच्या मॅन्युअलमध्ये जास्त ऑक्टेन सांगितलं असेल तर टर्बोला त्याचा फायदा होतो, नाही तर नाही. महागड्या पेट्रोलमध्ये कधी कधी डिटर्जंटही जास्त घातलेलं असतं, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात.

मृण्मयी_ड
मला तर फरक जाणवतो. इंजिन नॉकसुद्धा करत नाही.

शंकेखोर
आधी करत होतं का?

मृण्मयी_ड
नाही.

ऑक्टेनप्रेमी
ऑक्टेन बूस्टरबद्दल कुणी बोलत नाहीये. मी टाकतो आणि गाडी धावते. पेट्रोल साधं, ताकद प्रीमियमची.

पानाबारा
बूस्टर हा क्लीनर नव्हे. उलट ज्यात मँगनीज (एमएमटी) किंवा फेरोसीन असतं, तो प्लगच्या चिनीमातीवर लालसर तपकिरी थर सोडतो. एकदा प्लग काढून बघा.

डिझेलभक्त
याच कारणासाठी मी डिझेल घेतली. टॉर्क बघा, ॲव्हरेज बघा. माझ्याही डिझेलमध्ये इंजेक्टर क्लीनर टाकू का? ८०,००० झालेत. कुणी सांगेल का?

जुनाकार्ब्युरेटर
डिझेलवाल्यांनी तर अजिबात काही टाकू नये. जुन्या डिझेलला आम्ही ऑइल काढून क्रँककेसमध्येच डिझेल भरायचो, थोडं फिरवायचो, काढून टाकायचो. आतून चकाचक. फ्लशला पैसे कुणी दिलेत?

तेलकट
@जुनाकार्ब्युरेटर, म्हणजे काही टाकू नका आणि डिझेल टाका, असं दोन्ही एकाच दमात?

पानाबारा
डिझेलने धुणं आजच्या इंजिनात करू नका. डिझेलची फिल्म बेअरिंगचा भार पेलायला पुरत नाही, आणि टर्बोची शाफ्ट तर ऑइलच्याच आधाराने फिरते. थोडं डिझेल आत राहिलं की नवं ऑइल पहिल्या दिवसापासून पातळ.

@डिझेलभक्त, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा. एवढंच सांगतो, कॉमन रेलमध्ये (आजच्या डिझेलच्या इंजेक्शन पद्धतीत) दाब २,००० बारच्या पुढेही जातो आणि इंजेक्टरमधल्या फटी अतिशय बारीक असतात, तिथे पहिला शत्रू पाणी आणि घाण. फिल्टर वेळेवर बदला आणि वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढा. बाटली त्यानंतर.

डिझेलभक्त
धन्यवाद, पण बाटली कोणती?

सावकाशचालक
सगळ्यात स्वस्त उपाय कुणीच सांगत नाही. महिन्यातून एकदा गाडी चांगली गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर खालच्या गिअरमध्ये आरपीएम वर ठेवून चालवा. काजळी जळून जाते. मी स्वतः ताशी ६०च्या वर जात नाही, पण माझा भाचा चालवतो तेव्हा गाडी खुलते.

पानाबारा
लांबचं गरम ड्रायव्हिंग चांगलंच. ऑइलमधलं पाणी आणि मिसळलेलं पेट्रोल उडून जातं, प्लग स्वच्छ राहतात. छोट्या छोट्या थंड फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांची सगळ्यात जास्त वाट लागते. पण व्हॉल्व्हवर आधीच बसलेला थर वेगाने चालवून निघत नाही.

जर्मनगाडी
माझ्याकडे जर्मन टर्बो आहे. मी बाटल्यांच्या भानगडीत पडलोच नाही, थेट वॉलनट ब्लास्टिंग केलं. अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने व्हॉल्व्हवर मारतात आणि व्हॅक्यूमने ओढून घेतात. आधीचे फोटो बघितले तर विश्वास बसत नाही, व्हॉल्व्हची दांडी दुप्पट जाड झाली होती. डांबर वाळल्यासारखा काळा थर, वरून खरखरीत. झाल्यावर धातू चमकतो. खर्च झाला, पण गाडी नवी झाली. तुम्हीही हेच करा.

अर्धाटँक
@जर्मनगाडी, माझी अट एका बाटलीची आहे. इंजिन उघडायचं नाही असंही लिहिलंय.

जर्मनगाडी
यात इंजिन कुठे उघडतंय? इनटेक मॅनिफोल्ड निघतो फक्त. हेड जागेवर.

तेलकट
मॅनिफोल्ड काढणं म्हणजे उघडणंच झालं की हो. इंजेक्टर रेल, सेन्सरचे कनेक्टर, पाइप, सगळं सोडवावं लागतं. नंतर कुठून तरी हवा ओढायला लागलं की मग बसा शोधत.

शंकेखोर
मला अजून एक कळत नाही. ॲडव्हायझरने गाडी बघितली नाही, स्कॅनर लावला नाही, आणि आपण सगळे मिळून काजळी साफ करायला निघालोय. थरथर काजळीनेच होते हे कुणी ठरवलं?

आणि बाटल्यांच्या दाव्यांबद्दल: अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९०च्या दशकात ऑइलमध्ये टाकायच्या कितीतरी बाटल्यांच्या जाहिरातींवर कारवाई केली. स्लिक ५०चं प्रकरण १९९७मध्ये मिटलं. इंजिनची झीज कमी होते, हा दावा त्यांना पुराव्याने टिकवता आला नाही.

वळणवाट
ते ऑइलमधलं टेफ्लॉनवालं. पेट्रोलच्या क्लीनरशी त्याचा काय संबंध? आणि तिकडचाच दाखला द्यायचा तर पूर्ण द्या. अमेरिकेत १९९५पासून पेट्रोलमध्ये किमान डिटर्जंट असणं सक्तीचं आहे. ते पुरत नाही म्हणून २००४मध्ये बीएमडब्ल्यू, जीएम, होंडा आणि टोयोटाने मिळून 'टॉप टियर' हा वरचा दर्जा काढला. एएए या वाहनचालक संघटनेने २०१६मध्ये चाचणी घेतली, तर टॉप टियर नसलेल्या पेट्रोलने व्हॉल्व्हवर सरासरी १९ पट जास्त थर सोडला, तोही ४,००० मैलांएवढ्या चालीत. म्हणजे डिटर्जंट काम करतं. झालं समाधान?

शंकेखोर
हे चांगलं सांगितलंत. पण मग निष्कर्ष असा निघतो की पेट्रोल चांगलं असेल तर बाटली लागत नाही.

पानाबारा
शिवाय ती चाचणी पोर्ट इंजेक्शनच्या इंजिनावर होती, जिथे पेट्रोल व्हॉल्व्हला लागतं.

वळणवाट
तुम्ही दोघं एकच माणूस आहात का?

कोडवाचक
उशिरा आलो. अर्धाटँक, बाटली राहू दे बाजूला. गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर कुणाकडून तरी मागून आण आणि सकाळी थंड गाडीला लाव. आधी कुलंटचं तापमान बघ, गाडी खरंच थंड आहे ना. मग सिलिंडरवार मिसफायर काउंट बघ, म्हणजे कुठल्या सिलिंडरमध्ये किती वेळा मिश्रण नीट पेटलं नाही ते. चेक इंजिन लाइट लागायच्या आधीही ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, मिसफायर मोजत असतो. सगळ्या सिलिंडरमध्ये थोडे थोडे असतील तर व्हॉल्व्हवरच्या थराचा संशय धर. एकाच सिलिंडरमध्ये असतील तर त्या सिलिंडरची इग्निशन कॉइल शेजारच्याशी अदलाबदल कर. मिसफायर कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब. नाही सरकला तर प्लगची अदलाबदल कर. तरीही जागेवरच राहिला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन.

गरम झाल्यावर लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघ, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते. शून्याच्या आसपास ५ टक्के इकडेतिकडे चालतं. अधिक १०च्या पुढे गेला तर इंजिन जास्त पेट्रोल मागतंय, म्हणजे इंजेक्टर तुंबलाय किंवा मोजणीतून निसटून कुठून तरी हवा आत येतेय.

आणि प्लगची मुदत बघ! बऱ्याच टर्बो इंजिनांत ती ६०,०००च्या आसपासच असते.

मृण्मयी_ड
हो, आधी प्लग बघा, मीही तेच सांगणार होते.

अर्धाटँक
@कोडवाचक, हे पटलं. ऑफिसातल्या एकाकडे स्कॅनर आहे, बघतो. तोपर्यंत सर्विसिंग पुढे ढकललंय. फ्लश आणि फवाऱ्याला नाही म्हणून कळवलं, तर ॲडव्हायझर म्हणाला, "मग इंजिनची जबाबदारी आमची नाही." असं म्हणू शकतात का?

शंकेखोर
लेखी मागा. मेलवर लिहा: "हे तीन प्रकार मॅन्युअलच्या देखभाल तक्त्यात आहेत का, आणि न केल्यास वॉरंटीवर परिणाम होईल का, कृपया कळवा." गप्प बसतील.

पानाबारा
बरोबर. मॅन्युअलमध्ये ऑइलमध्ये काही मिसळू नका लिहिलंय ना, मग फ्लश टाकून वॉरंटीला धोका कुणी निर्माण केला हेही विचारा.

ऑइलमध्ये काही का मिसळू नये, तेही सांगून ठेवतो. ऑइलमध्ये डिटर्जंट आणि डिस्पर्संट कंपनीनेच घातलेले असतात, मोजूनमापून. २०२०ला आलेल्या ऑइलच्या एपीआय एसपी दर्जात एलएसपीआयची (कमी वेगावर मिश्रण वेळेआधी पेटण्याची) चाचणी आहे. टर्बो डायरेक्ट इंजेक्शनमध्ये कमी आरपीएमवर पाय दाबला की कधी कधी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं, पिस्टनची रिंग लँड (रिंगांमधली कड) तुटते. ऑइलमधल्या कॅल्शियमचा त्याच्याशी संबंध आहे, म्हणून नव्या ऑइलमध्ये कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम आणलं. त्यात आपण बाहेरची बाटली ओतली की ते गणित बिघडलं.

आणि हे ठळक अक्षरात वाचा: ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये भिजत फिरतो, त्यात फ्लश टाकू नका. फोर्डचं १.० इकोबूस्ट, प्यूजो-सित्रोएनचं १.२ प्यूरटेक अशा इंजिनांत काही वर्षं तसे बेल्ट होते. चुकीचं ऑइल, ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल, यांनी बेल्टचं रबर खराब होतं, त्याचे तुकडे पंपाच्या जाळीत जातात. प्यूरटेकमध्ये तर ऑइल भरायच्या तोंडातून गेज घालून बेल्टची रुंदी मोजतात, फुगलाय का बघायला. तिथे द्रावणाची बाटली ओतणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

तेलकट
हे मला माहीत नव्हतं. वर हलवा ही पोस्ट कुणीतरी.

ऑक्टेनप्रेमी
फवाऱ्याबद्दल कुणी बोलेना. माझ्या गाडीत केला होता. एक्झॉस्टमधून ढगच्या ढग धूर आला, इतकी घाण निघाली.

पानाबारा
तो धूर बहुतेक फवाऱ्याचाच, जळताना होणारा. थर हलका असताना, नियमित केला तर फवारा थोडं काम करतो. पण जाड थर मऊ होऊन अर्धवट सुटतो, आणि टणक खपली निघाली तर ती सिलिंडरमधून एक्झॉस्टला, तिथून टर्बोच्या पात्यांवर जाते. शिवाय तो कुठून मारतात ते बघा. एअरफ्लो सेन्सरच्या आधी मारला तर सेन्सर गेला. थ्रॉटल बॉडी मात्र जरूर साफ करून घ्या. पाकळी जिथे टेकते तिथे तपकिरी कडं धरतं आणि आयडलिंग डगमगतं. फडकं आणि थ्रॉटल क्लीनर, एवढंच काम. नंतर आयडल रिलर्न, म्हणजे संगणकाला आयडलिंग पुन्हा शिकवायला सांगा.

सावकाशचालक
ऑइल कॅच कॅन बसवा म्हणतात, वाफ आधीच पकडायला.

कोडवाचक
बसवता येतो, पण वॉरंटीत असताना नको. शिवाय तो वेळच्या वेळी रिकामा करावा लागतो, थंडीत आत पाणी साचतं. तू ६०च्या वर जात नाहीस, तुला कशाला हवाय?

सावकाशचालक
मी माझ्यासाठी नाही विचारलं.

अर्धाटँक
अपडेट. स्कॅनर लावला. लाँग टर्म ट्रिम अधिक ३, म्हणजे ठीकच. थंड असताना मिसफायर चारही सिलिंडरमध्ये दिसले, तिसऱ्यात जास्त. कॉइल बदलून बघितली, तिसरा तिसराच राहिला. मग प्लग काढले. तिसऱ्याची इलेक्ट्रोड झिजून कडा गोल झालेली, फट मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा चांगलीच रुंद. बाकी तीनही फार वेगळे नव्हते. मुदत बघितली तर संपलेली होती. आधीच्या सर्विसिंगच्या बिलावर "प्लग तपासले, ठीक" असं लिहिलंय!

नवे चार टाकले. थरथर बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. टायरमध्येही हवा कमी होती, ती भरली. ॲव्हरेजचं अजून सांगता येत नाही.

शंकेखोर
बघा! बाटली न टाकता.

वळणवाट
पूर्ण कुठे गेली? उरलेल्याला बाटली टाका.

जुनाकार्ब्युरेटर
मी पहिल्याच उत्तरात सांगितलं होतं, काही टाकू नका.

तेलकट
प्लगबद्दल तुम्ही काही बोलला नव्हता, काका.

कोडवाचक
छान. आता उरलेली थरथर चारही सिलिंडरमध्ये सारखी आहे का बघ. सारखी असेल तर एकदा बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून व्हॉल्व्ह बघून घे. थर दिसला तरच पुढचा विचार. नाही तर इंजेक्टर गळतीसाठी पीईएवाली एक बाटली, टाकी भरायच्या अगदी आधी ओतायची म्हणजे नीट मिसळते, आणि ती टाकी संपल्यावर ऑइल चेंज. तुझ्या अटीत बसतं.

पानाबारा
सहमत. सर्विसिंग पुढे ढकललेलंच आहे, तर ऑइल चेंजच्या आधीची टाकी बाटलीची धर. क्लीनरचा थोडा अंश रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतो, तो जुन्या ऑइलबरोबर निघून जाईल.

अर्धाटँक
सगळ्यांचे आभार. निर्णय झाला. बाटली घेत नाही, फ्लश नाही, फवारा नाही. बोअरस्कोपही नाही. @जर्मनगाडी यांनी फोटो वैयक्तिक निरोपातून पाठवले, ते बघून राहवलं नाही. पुढच्या आठवड्यात वॉलनट ब्लास्टिंगची वेळ घेतली आहे. वॉरंटी तशीही संपत आलीय.

शंकेखोर
अहो, एका बाटलीच्या वर खर्च नको होता ना?

अर्धाटँक
हो. पण करायचं तर एकदाच नीट करू, असं घरी ठरलं.

कोडवाचक
न बघताच? थर नसेल तर? बोअरस्कोपला कितीसा वेळ लागतो.

अर्धाटँक
मॅनिफोल्ड निघाला की दिसेलच.

जर्मनगाडी
शाब्बास. पश्चात्ताप होणार नाही.

वळणवाट
एवढा खर्च करताय तर वर एक बाटली टाकाच.

पानाबारा
ठीक आहे, करताय तर निदान नीट करून घ्या. ज्या सिलिंडरवर भुगा मारणार त्याचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद असले पाहिजेत, क्रँक हाताने फिरवून एकेक सिलिंडर आणतात. व्हॉल्व्ह उघडा राहिला तर भुगा सिलिंडरमध्ये. मॅनिफोल्डची गॅस्केट नवीनच टाका, जुनी पुन्हा बसवू देऊ नका. काम झाल्यावर चालू करायच्या आधी पोर्ट हवेने आणि व्हॅक्यूमने साफ झाल्याचं स्वतः बघा. आणि क्रँककेसची वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासायला सांगा, तो अडकलेला असेल तर थर पुन्हा लवकर धरेल.

अर्धाटँक
हे लिहून घेतलं. पीसीव्हीचं सुट्या भागांच्या दुकानात आजच विचारतो.

डिझेलभक्त
पीसीव्ही डिझेललाही असतो का?